टिकून, टेकून

कल्पना करा, समोर भिंतीएवढा काळा फळा आहे, हातात खडू आहे आणि तुम्हाला फक्त एक शब्द लिहायचाय. आकडे लिहून झालेत. आकड्यांना फार डोकं लागत नाही. काट्यावरून चिठ्ठ्या येतात, त्या बघून उतरवायचं. मका, आवक नऊशे गोण्या, भाव क्विंटलला अठराशे पस्तीस ते अठराशे पन्नास. उरतो तो शेवटचा रकाना. त्याचं नाव ‘कल’. बाजाराच्या मनात उद्याबद्दल काय चाललंय, ते तिथे एका शब्दात लिहायचं. ‘तेज’ लिहिलंत, तर सकाळी फाटकाशी गाड्यांची रांग लागेल. ‘नरम’ लिहिलंत, तर घेणारे उद्या नुसता चहा प्यायला येतील. तुमच्या पाठीशी पंधरा-वीस माणसं उभी आहेत आणि ती फळ्याकडे नाही, तुमच्या मनगटाकडे बघताहेत. लिहा बघू.

धान्यबाजारात हे काम एक बाई चौदा वर्षं करत होती. तिचं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. सगळे तिला कलबाई म्हणत. सुरुवातीला ‘फळावाल्या बाई’ म्हणून बघितलं, पण बाहेरगावचा एक गाडीवाला खरोखरच डझनभर केळी मागायला आला, तेव्हा ते नाव मागे पडलं.

कलबाईची खोली लिलावाच्या शेडला चिकटून होती. एक टेबल, एक खिडकी, पत्र्याच्या ताटात सात वाट्या आणि त्यांत सात धान्यांचे नमुने. कोपऱ्यात ओलावा मोजायचं यंत्र होतं. यंत्र आकडा दाखवायचं, पण कलबाई एक दाणा दाताखाली धरायचीच. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. “यंत्राला दात नाहीत म्हणून ते बिचारं आकडे सांगतं,” असं ती म्हणायची. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना खडूचा असा काही रंग बसला होता, की सुट्टीच्या दिवशीही ती बोटं कामावर असल्यासारखी दिसायची.

कल लिहायला तिच्याकडे सातच शब्द होते. आधी हे काम करणाऱ्या मास्तरांनी जाताना खडूच्या डब्याबरोबर ते तिच्या हवाली केले होते. तेज, चढता, टिकून, सुस्त, नरम, मंद. हे सहा रोजच्या वापराचे. सातवा मात्र जपून ठेवायचा. तो शब्द ‘टेकून’. भाव उतरत उतरत जमिनीला टेकला, आता याच्या खाली जागा नाही, असा त्याचा अर्थ.

“हा हंगामात एकदाच लिहायचा,” मास्तरांनी बजावलं होतं. “दुसऱ्यांदा लिहिलास, की पहिल्यांदा थाप मारली होतीस असा अर्थ होतो.”

मक्याची चाल दर वर्षी तीच असायची. नवीन पीक निघालं की ओला मका शेडमध्ये येऊन पडायचा, ढिगावर ढीग लागायचे आणि भाव घसरायला लागायचा. पाच-सहा आठवड्यांनी लोकांच्या घरातला माल संपत आला, की भाव एक दिवस टेकायचा आणि मग पुढच्या पिकापर्यंत जिना चढल्यासारखा वर वर जायचा. हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नेमका दिवस कुठला, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सगळी कमाई नि सगळं नुकसान त्या ‘एवढंच’मध्ये असायचं.

त्या वर्षी कलबाईच्या नणंदेचा जीव त्यात अडकला होता. नणंद धाकटी, बोलायला चुरचुरीत. मागच्या गल्लीच्या टोकाला तिचं कोंबड्यांचं शेड होतं. बाराशे कोंबड्या. वर्षातून एकदाच, भाव तळाला असताना, ती सहा महिन्यांचा मका भरून ठेवायची. आदल्या वर्षी तिनं स्वतःच्या अंदाजानं चालून महिनाभर उशीर केला, मका महागात पडला आणि निम्म्या कोंबड्या विकाव्या लागल्या. म्हणून यंदा ती हंगाम सुरू व्हायच्या आधीच येऊन सांगून गेली होती, “वहिनी, यंदा माझं डोकं मी बंद ठेवणार. तू म्हणशील त्या दिवशी घेणार. बाराशे जीव तुझ्या खडूवर आहेत, एवढं लक्षात ठेव.”

“कोंबड्यांची शपथ घालू नकोस,” कलबाई म्हणाली होती. पण जबाबदारी घेतली होती.

आणि नेमका त्याच वर्षी मका अडून बसला. भाव अठराशे चाळीसच्या आसपास आला आणि तिथेच पाय रोवून उभा राहिला. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. कलबाई रोज मक्यापुढे ‘टिकून’ लिहायची. घेणारे म्हणायचे, अजून आवक वाढायचीय, तेव्हा उतरेल, कशाला घाई? विकणारे म्हणायचे, उतरत तर नाहीये, चार दिवस थांबलं तर चढेल, कशाला घाई? दोन्हीकडचे थांबले म्हणून भाव टिकला होता, आणि भाव टिकला म्हणून दोन्हीकडचे थांबले होते.

थांबायच्या बाबतीत सगळ्यांचे गुरू होते थांबाशेठ. जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यासाठी खरेदी करणारं हे बाजारातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लिलावात बोली निम्म्यावर आली, की हात वर करून “थांबा” म्हणायची त्यांची खोड होती. लोक म्हणायचे, शेठच्या लग्नातही ऐन वेळेला शेठच थांबा म्हणाले होते.

बाराव्या दिवशी, बुधवारी दुपारी, कलबाईनं फळ्यावर ‘टिकून’ लिहिलं आणि खोलीत येऊन रोजच्यासारखा तोच मजकूर फोनवर लिहायला घेतला. बाजाराचा एक गट होता. त्यात अकराशे माणसं. फळा बघायला न येऊ शकणारे सगळे त्या संदेशावर चालायचे. समोर नणंद बसली होती आणि ताटातला नमुन्याचा मका एकेक दाणा करून खात होती.

“नमुना खाऊ नकोस,” कलबाई फोनवरून नजर न हलवता म्हणाली.

“कोंबड्यांच्या वतीनं खातेय. आठ दिवसांचंच खाद्य उरलंय. अजून किती दिवस टिकून?”

“ओला मका अजून शेतात उभा आहे. तो आला की उतरेल.”

“तो कधी येणार?”

“आला की सांगते.”

“वहिनी, हे असं तर मीही सांगू शकते. मला फळा दे.”

कलबाई हसली आणि हसता हसता संदेश पाठवला. फोनवर ‘ट’पुढे वेलांटी आणि मात्रा शेजारीशेजारी येतात. बोट कणभर सरकलं. अकराशे फोनांवर गेलं: मका, आवक नऊशे, कल टेकून.

गुरुवारी सकाळी ती बाजारात आली, तेव्हा फाटकाबाहेर चौदा ट्रक उभे होते. नेहमी तीन असायचे. ती मनात म्हणाली, आज काय, कुणाचं लग्न आहे? तेवढ्यात नणंद छोटा टेम्पो घेऊन आली, खिडकीतून अर्धी बाहेर.

“वहिनी, तू पण ना. काल तोंडानं म्हणालीस उतरेल, आणि रात्री संदेश बघते तर टेकून. घरच्या माणसालाही फोनवरूनच कळायचं का?”

कलबाईनं फोन काढला. संदेश वाचला. मग फळ्याकडे बघितलं. फळ्यावर तिच्याच अक्षरात, ठळक, व्यवस्थित वेलांटी दिलेलं ‘टिकून’ होतं. 

शेडमध्ये मजाच चालली होती. रोज फळा बघणारी माणसं निवांत बसली होती आणि बाहेरून आलेली माणसं मक्याच्या ढिगांभोवती माशांसारखी घोंघावत होती. निवांत बसलेल्यांना थोड्या वेळानं बसवेना. एकानं विचारलं, दुसऱ्यानं फोन दाखवला, आणि दोघांनी मिळून निष्कर्ष काढला, की फळ्यावर चूक झालीय, फोनवरचंच बरोबर आहे.

लिलावाला अजून वीस मिनिटं होती. कलबाई तडक सचिवांच्या खोलीत गेली. सचिव म्हणजे बाजाराचे मुख्य अधिकारी, शांत माणूस, कपाला आधी बशी झाकून मग बोलणारा.

“माझी चूक झाली,” ती म्हणाली. “वेलांटीची मात्रा झाली.”

“कुठे?”

“अकराशे ठिकाणी.”

सचिवांनी कपावर बशी झाकली. “चौदा वर्षांत पहिली. सोडून द्या. दुपारपर्यंत आपोआप निवळेल. दुरुस्ती पाठवलीत तर उद्यापासून तुमच्या प्रत्येक शब्दावर लोक भिंग धरतील.”

ते खोटं नव्हतं. कलबाई क्षणभर दारात उभी राहिली. बाहेर नणंद टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून पाय हलवत होती, सहा महिन्यांचा मका चुकीच्या मात्रेवर घ्यायला तयार. कलबाईनं तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: कालच्या संदेशात मक्याचा कल चुकून ‘टेकून’ असा गेला, तो ‘टिकून’ असा वाचावा. या वेळी तिनं ते तीनदा वाचलं आणि पाठवलं.

शेडमध्ये एकामागून एक फोन वाजले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, वाचलं, माना वर केल्या. कलबाईला वाटलं, आता हवा निघेल. पण थांबाशेठ बाजूच्या माणसाच्या कानाशी लागले, आणि शेठ कानाशी लागले तरी आवाज चार ढीग पलीकडे जायचा.

“दाबलं बाईंना कुणीतरी. सकाळी सकाळी साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्या, मी बघितलं. खरं लिहिलं म्हणून मागे घ्यायला लावलं. म्हणजे तळ लागलाय, शंभर टक्के.”

आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा, थांबाशेठनी बोली निम्म्यावर असताना थांबा म्हटलं नाही.

अठराशे पन्नासला सुरू झालेला मका तासाभरात एकोणीसशे सत्तरला गेला. मक्यात काही बदललं नव्हतं. दाणा तोच, ओलावा तोच, शेतात उभं असलेलं पीकही तेवढंच. एक मात्रा काय ती वर गेली होती.

“शेठ, खरंच माझं बोट घसरलं हो,” कलबाई त्यांना म्हणाली.

“कळतं बाई,” शेठ डोळा बारीक करून म्हणाले. “तुम्हाला तसंच म्हणावं लागणार. आम्ही समजून घेतो.”

नणंद रडकुंडीला आली होती. “घेऊ का? दोन हजाराला गेला तर? मागच्या वर्षी असंच थांबले होते, वहिनी. निम्म्या कोंबड्या गेल्या. तू विसरलीस, मी नाही.”

कलबाईनं तिला खोलीत नेलं, दार लोटलं आणि ताटातला एक दाणा तिच्या हातावर ठेवला. “चाव.”

नणंदेनं चावला. दाणा नुसता दबला.

“हा आज आलेला माल. अजून ओला आहे, म्हणजे कापणी चालू आहे. लोकांच्या घरात, अंगणात, शेतात मका पडलाय. आज एकोणीसशे सत्तर ऐकल्यावर तो घरी बसेल का? सगळे उद्या-परवा गाड्या भरतील. आठवडाभराचा मका घे आणि घरी जा.”

“आणि तुझं चुकलं तर?”

“तर माझ्या फळ्याचं तुझ्या शेडला दार कर.”

नणंद हसली नाही. पण आठवडाभराचाच मका घेऊन गेली, जाताना टेम्पोचं दार जरा जास्तच जोरात आपटून.

शुक्रवारी सोळाशे गोण्या आल्या. शनिवारी एक्केचाळीसशे. शेड भरलं, व्हरांडा भरला, काट्यावरची रांग फाटकाबाहेर गेली. दोन दिवस भरपूर घेऊन बसलेल्यांचं पोट भरलं होतं, आता बोली द्यायला कुणाचा हात वर जाईना. मका सतराशे पंच्याण्णववर आला. थांबाशेठ पुन्हा थांबा म्हणायला लागले होते.

त्या गर्दीत एक बाई कलबाईच्या खिडकीशी आली. हातात तोलाची चिठ्ठी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं.

“बाई, माझी जाऊ फोन वाचते. ती गुरुवारी विकून गेली. मी फळा वाचते. मी आज आले. एकाच शेताचा मका हो आमचा, बांध मध्ये आहे एवढंच. भांडण नाही, नुसतं विचारते. यापुढे काय वाचू?”

कलबाईनं तिची चिठ्ठी हातात घेऊन तीवरची तारीख वाचली. मग म्हणाली, “दोन्ही वाचा. वेगळं दिसलं तर मला येऊन विचारा.” बाई मान हलवून गेली. हे उत्तर किती तोकडं होतं, ते कलबाईला ती बाई वळायच्या आधीच कळलं होतं.

सोमवारी मका सतराशे साठ. मंगळवारी सकाळी ती रोजच्यासारखी ढिगांमधून चक्कर मारत होती आणि एका ढिगाशी थांबली. गोण्या ठिगळाच्या होत्या. पलीकडच्या ढिगाच्याही. एका गोणीचं तोंड तर जुन्या ओढणीच्या चिंधीनं बांधलेलं. चांगल्या गोण्या लोक आधी वापरतात. ठिगळाच्या बाहेर निघतात, त्या घरातला शेवटचा माल झाडून भरताना. तिनं मूठभर मका घेतला. त्यात कोपऱ्यातली धूळ होती, काडी होती. दाणा दाताखाली धरला. कट्ट. आवक सहाशेवर आली होती. सतराशे पासष्टवर मका हलायला तयार नव्हता, पण हे अडून बसणं बारा दिवसांच्या त्या अडून बसण्यासारखं नव्हतं. तेव्हा माल होता आणि लोक तो धरून बसले होते. आता मालच संपला होता.

दुपारी ती फळ्यासमोर उभी राहिली. मास्तर आठवले. हंगामात एकदाच. आणि एकदा तर होऊन गेलं होतं. तरी तिनं खडू उचलला आणि सावकाश, मात्रा लांब ओढून लिहिलं: टेकून.

पाठीमागे हशा पिकला.

“बाई, परत बोट घसरलं,” थांबाशेठ म्हणाले.

“फळ्यावर कसं घसरेल, शेठ? खडूनं लिहिलंय.”

“मग खडू घसरला.”

फोनवर संदेश गेला, आणि दहाच मिनिटांत सचिवांनी, बिचाऱ्यांनी मदत म्हणून, आपण होऊन दुरुस्ती पाठवली: ‘टिकून’ असे वाचावे. अकराशे माणसांनी हसरे चेहरे पाठवले. सचिव खोलीत येऊन म्हणाले, “मी सांभाळून घेतलं हं.” कलबाईला हसावं की कपाळाला हात लावावा, ते कळेना.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. “वहिनी, हा टेकून बोटाचा, की तुझा?”

“माझा.”

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालू होता. त्यावर आवाज चढवून नणंद म्हणाली, “साहेब तर म्हणतात चूक आहे. सगळं गाव हसतंय.”

“हसू दे.”

“येते उद्या.”

बुधवारी फाटकाशी तीनच गाड्या होत्या, त्यांतली एक नणंदेची. कुणी तिच्या बोलीवर बोली चढवली नाही. सतराशे पासष्टनं तिनं सहा महिन्यांचा मका निवांत निवडून, दाणा चावून घेतला. पुढच्या सोमवारी मका अठराशे तीसवर होता. महिनाअखेरीला दोन हजार चाळीस. थांबाशेठ फळ्यासमोर येऊन म्हणाले, “बाई, तुम्ही त्या दिवशी खरं लिहिलं होतं?”

“दोन्ही दिवशी मीच लिहिलं होतं, शेठ. एक दिवस खरं होतं.”

“पण कुठला, ते आम्हाला कसं कळायचं?”

तिनं फडकं ओलं केलं आणि फळा पुसायला घेतला. त्या दिवसापासून ती कल आधी फोनवर लिहिते, मग फोन समोर धरून फळ्यावर उतरवते. शनिवारची ती बाई पुन्हा आली तर निदान दोन्हीकडे एकच शब्द सापडावा.

एका सुट्टीच्या दिवशी ती चौदा वर्षांच्या जुन्या वह्या काखोटीला मारून नणंदेच्या शेडवर गेली. उलट्या बादलीवर बसून तिनं दर वर्षी भाव टेकला तो दिवस शोधला. चौदा दिवस मिळाले, आणि ते सगळे साधारण एकाच पंधरवड्यात पडत होते. यंदाचा मात्र त्या पंधरवड्याच्याही नऊ दिवस आधी आला होता. नणंद टोपलीतून मका उधळत होती आणि बाराशे चोची एकदम खाली वाकत होत्या.

“झालं ना सगळं चांगलं?” नणंद म्हणाली. “आता कसला हिशेब लावतेस?”

“माझं बोट घसरलं नसतं,” कलबाई वहीतल्या त्या तारखेवर खडूचं बोट ठेवून म्हणाली, “तर गुरुवारी भाव चढला नसता, शनिवारी एवढा माल एकदम आला नसता, घरं एवढ्या लवकर रिकामी झाली नसती. मग सांग, मंगळवारी मी तळ ओळखला, की आधीच्या बुधवारी मीच तो आणला होता?”